ओळ पंधरावी

एकतीस वर्षं मी नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
कागद उजेडाकडे धरला.
रंग सरकलेला, आकडा बुजलेला, कड तिरकी:
चूक दिसली की तांबड्या पेन्सिलीची फुली
आणि तो ताव भट्टीत.
निवृत्त झाले, डोळे मात्र अजून कामावर जातात.
लग्नपत्रिका आली की आधी
चुकलेली वेलांटी दिसते, मग मुलीचं नाव.

म्हणून ऊर्जितानं हेगहून पाठवलेली पानं
मी मेनरोडवरून मोठी छापून आणली,
खिडकीच्या काचेला चिकटवली.
वलंदेजांचं अक्षर. प्रत्येकाला शेपूट,
जणू ओळभर गळ टाकून बसलेत.
सतराशे एक साल, केपचं बंदर.
कुणी विधवा वारली,
तिच्याच अंगणात तिच्या घराचा लिलाव.
काय विकलं, कुणी घेतलं, कितीला.
तीन रकाने, एकही खाडाखोड नाही.
आमच्या साहेबांनी पाठ थोपटली असती.

उश्या दोन, खोळ एक.
व्हिनेगरचं पिंप, अर्धं.
तांब्याची हंडी, झाकणासकट: नऊ रिक्सडालर.
गोंदा, विंगुर्ल्याचा, वय अंदाजे सोळा: बासष्ट.
आरसा, तडा गेलेला: दीड.

हंडी आणि आरसा यांच्या मधे
शाई कुठे थरथरलीय का
ते मी भिंगातून पाहिलं.
नाही थरथरली.

आमची नोंद रामकुंडावर, गायधनी गुरुजींच्या
लाल बासनात. मोडीतलं एक पान,
बाबा दर खेपेला तिथंच अडायचे:
*सांतू आरोसकर, वेंगुर्लें. शके सोळाशे चार.
धाकटा गोंद, वय आठ, यंदा वलंदेजांचे गलबतीं गेला.
पुढें ठिकाण नाहीं.*
ठिकाण नाही म्हणजे मेला असं नाही.
पितृपक्षात बाबा विचारायचे,
ह्याचा पिंड ठेवायचा की नाही?
गुरुजींचे वडील म्हणायचे, बघू.
तीनशे वर्षं हे बघू चाललंय.

मी पानं घेऊन गेले.
गुरुजींनी चष्मा पुसला, वलंदेजी अक्षर उलटं धरलं,
मी सुलटं करून दिलं.
"हाच कशावरून?"
गाव जुळतं. नाव जुळतं.
गोंद आठचा होता तेव्हा सोळाशे ब्याऐंशी,
म्हणजे लिलावात सत्तावीसचा हवा.
इथं सोळा लिहिलंय. अकरा वर्षांची चूक.
प्रेसमध्ये असा ताव
मीच भट्टीत टाकला असता.

"अंदाजे म्हटलंय," गुरुजी म्हणाले,
"उपाशी माणसाचं वय कमीच दिसतं."
मग स्वतःच गप्प झाले.
कदाचित हा दुसराच गोंद.
कुणा दुसऱ्या सांतूचा भाऊ,
ज्याची वही कुठल्याच घाटावर नाही.
तसं असेल तर मी
कुणाचा मुलगा माझ्या घरात ओढतेय?

कुंडावर कुणी अस्थी सोडत होतं,
पोरं चुंबक लावून नाणी काढत होती.
गुरुजी म्हणाले, आम्ही ठरवत नाही,
नातलग सांगेल ते लिहितो. सांगा.
मी सांगितलं. त्यांनी बॉलपेननं लिहिलं:
*गोंद. केप बंदर. सन सतराशे एक. वय जुळत नाही.*
"आणि किंमत?"
त्यांनी सहज विचारलं, रकाना असल्यासारखं.
मी काही बोलले नाही.
त्यांनी टोपण लावलं.

परतताना तांबट लेनमध्ये थांबले.
ठोके चालू होते, कान बधिर.
झाकणाची हंडी कितीला, विचारलं.
"किलोवर आहे मावशी, तोलू?"
त्यानं तोललीही.
काटा हलत राहिला बराच वेळ.
तो स्थिर व्हायच्या आत
मी निघाले.