जोतं

बत्तीस वर्षं मी महापालिकेत ओव्हरसियर होतो.
शहराची उंची मोजायचो.
तिपाईवर दुर्बीण, एक डोळा मिटलेला,
समोर उइके पट्टी धरून,
ऊन पंचेचाळीस, डोक्यावर ओला दुपट्टा.
उंची समुद्रापासून धरतात, असं त्याला एकदा सांगितलं.
तो म्हणाला, समुद्र कोनं पाह्यला साहेब इथं.

तांडापेठेत सिमेंटचा रस्ता आला
तेव्हा आदेश एका ओळीचा होता:
जुन्या डांबरावरच ओतावं, खोदाईचा खर्च वाचतो.
वाचला.
पंधरा इंच.

शेवंता नंदनवारच्या घराला आधी तीन पायऱ्या चढाव्या लागत.
दर निवडणुकीच्या डांबरात एकेक बुजली.
आता दोन उतराव्या लागतात.
ती खाली दारात उभी, मी वर रस्त्यावर.
"काऊन जी, रस्ता वर आला का आमचं घर खाली गेलं?"
मी वही उघडली.
घराचा आकडा जुनाच, सुताचाही फरक नाही.
"तुमचं घर होतं तिथंच आहे, बाई."
"थेच तं म्हनतो मी."

धरमपेठेतही तसाच रस्ता.
तोच आदेश, तीच सही.
तिथली जोती मुळातच चार फूट,
शिवाय रुंद रस्त्याला वाढीव एफएसआय.
किन्हीकर वकिलांचा बंगला पडला, सात मजले चढले,
तळघरात गाड्या, गाड्यांखाली पाणी उपसायचा पंप.
त्या फायलीवर माझीही सही आहे,
लहान, कोपऱ्यात.

जुलैत एका रात्री
शेवंताच्या मागाच्या खड्ड्यात कमरेएवढं पाणी साचलं.
"आमी कोष्टी, पाय खड्ड्यात सोडूनच जगलो," ती म्हणाली,
"पन चूल तं वर होती ना बाप्पा."
पुढच्या महिन्यात कराचं बिल आलं.
पक्का रस्ता झाल्यामुळे परिसराचा दर वाढला होता.

मग तिनं मलबा विकत घेतला.
नऊशे रुपये ट्रॉली, सहा ट्रॉल्या.
बिल्डर तोच मलबा उचलून न्यायला पैसे मोजत होता,
दोन्हीकडून घेणारा ट्रॅक्टरवाला तेवढा खूश.
ढिगात मला निळ्या टाइलचा तुकडा दिसला, अर्धा मोर.
किन्हीकरांच्या पडवीतला.
मोजणीला गेलो तेव्हा त्याच्यावरच बसवून
त्यांनी मला मठ्ठा दिला होता.

डिसेंबरात अधिवेशन भरलं.
फुटपाथांना रंग लागला, मोर्चे अडवायला बांबू आले.
सभागृहात कुणीसं म्हणालं, गरीब-श्रीमंतांतली दरी वाढते आहे.
पेपरात वाचून मी माझ्या वह्या चाळल्या.
दरी नावाचा रकाना नव्हता.
भर आणि खोदाई, दोनच.

निवृत्तीनंतर एकदा सहज तिकडे गेलो.
जमीन दोन फूट वर आलेली,
पत्रा होता तिथंच.
पंखा काढून ठेवलेला. दार खालून कापलेलं.
शेवंताचा मुलगा घरात वाकून हिंडतो,
बाहेर पडला की थोडा वेळ तसाच चालतो.

नातवानं मात्र हात वर करून पत्र्याला लावला,
चटका बसला तरी हसला.
"मी मोठा झालो."
भिंतीवर पेन्सिलच्या खुणा.
त्याच्या बापाचं तिसरं वर्ष, चौथं वर्ष
मलब्याखाली गेलेलं.
पाचव्याची रेघ जमिनीवर टेकलेली, नीट पाहिली तरच दिसणारी.

"साहेब, तुमी मोजनारे," शेवंता म्हणाली,
"याचं बी मोजून द्या एकडाव."
तिनं मागाजवळची गजपट्टी आणून दिली.
मी ती भिंतीला लावली, वर धरली, खाली आणली,
आतल्या कुठल्या जमिनीवर टेकवावी ते ठरेना.

प्रणयला खेळायला जायची घाई होती.
तो भिंतीला पाठ लावून
टाचा उचलून उभा.