खोली

चौतीस वर्षं भोसरीच्या टूलरूममध्ये
मी भोकांची खोली मोजली.
तोंडावरून काही ठरवायचं नाही, पोरांना सांगायचो,
गेज आत घाला, मग बोला.

आणि छबूबाईंच्या बोटावर
मोहरीएवढा लाल ठिपका पाहून
मीच म्हणालो, "एवढंसंच तर आहे."

सुई माझी होती.
सकाळची, इन्सुलिनची, टोपण न लावलेली,
वेफर्सच्या रिकाम्या पाकिटात सारून
सुक्या कचऱ्यात टाकलेली.
बिबवेवाडीतल्या आमच्या तीन मजल्यांत
सुई टोचून घेणारा मी एकटाच,
तरी त्यांनी विचारलं नाही, कुणाची.
हातमोजा उलटा करून
त्यांनी आणि रझियानं
त्या भोकातून उजेड पाहिला फक्त.

पार्किंगचा नळ सोडला. साबण मी आणला.
चिमटीत हळदही आणली होती.
"बुजवू नका," रझिया म्हणाली, "पाणी चालू द्या.
वरून मिटलं की आत काय शिजतंय
कुणाला दिसणारे?"
चौतीस वर्षं जे मी सांगत होतो
ते तिनं एका वाक्यात
माझ्या हातावर ठेवलं.

मग रिक्षा, पालिकेचा दवाखाना, केसपेपर.
त्यांचं रक्त. माझं रक्त.
दंडात धनुर्वाताचं इंजेक्शन,
सुईवर सुईच.
आणि तीन महिन्यांनी पुन्हा या.

त्या रोज साडेआठला येत राहिल्या.
डबा उपडा करण्याआधी
काठीनं ढवळून बघायच्या.
तो आवाज दुसऱ्या मजल्यावर ऐकू यायचा.

त्याच दिवसांत एकदा दुपारी
दारात चप्पल काढायला गेलो,
चप्पल निघेना.
खिळा. तळातून टाचेत, सरळ.
तळजाईवरून उतरलो होतो त्याच्यावर,
दूध घेतलं होतं,
बँकेच्या रांगेत उभं राहून पासबुक भरून घेतलं होतं,
आणि पाय एक शब्द बोलला नव्हता.
साखरेनं वाचा गेलीय त्याची, डॉक्टर म्हणाले.

टाकीत रस्त्यावरचा आवाज यावा तसं
मला छबूबाईंचं "आई गं" आठवलं.
केवढी श्रीमंती होती त्यात.

आता शाम्पूची जाड बाटली आहे, घट्ट झाकणाची,
वर लाल मार्करनं लिहिलंय: सुया.
भरली की त्यांच्या हातात देतो, वेगळी, सांगून.
अनवाणी गच्चीतही जात नाही.
चप्पल घालण्याआधी झटकतो, आत बोटं फिरवतो.
आणि रात्री फरशीवर आरसा ठेवून
एकेक तळपाय तपासतो,
जुन्या सवयीनं, चष्मा कपाळावर सरकवून,
जसा रिजेक्ट व्हायच्या भीतीतला जॉब.

त्यांचा रिपोर्ट चांगला आला.
मला सांगायला जिना चढून आल्या,
चहा मात्र खालीच घेतला, रझियाबरोबर.

डबा त्या अजून काठीनं ढवळतात.
ढवळावाच.