हरकत क्रमांक एकशे बारा

शाळेच्या सभागृहात, खो-खोच्या ढालींखाली
आम्ही नकाशा टांगला, तेव्हा साडेदहा झाले होते.
हडपसर गाडीतळ, सोलापूर रस्ता, दोन्ही अंगांचा बाजार,
एक सेंटीमीटरला वीस मीटर.
रंग मीच भरलेत.
पिवळ्यात राहायचं, निळ्यात धंदा करायचा,
हिरव्यात बाग. बाग अजून नाही, रंग आहे.
रस्त्याची नवी हद्द लाल. ती ओढायला मला
एक चहा गार होईपर्यंतचा वेळ लागला होता.

साहेब म्हणाले, हरकती आणि सूचना, एकेकानं.
मी वहीत दोन रकाने आखले.

पहिले उठले दस्तगीर तांबोळी, टायरवाले.
रेषेवर बोट ठेवून म्हणाले,
ही माझ्या दुकानातून जाते की बाहेरून?
मी म्हणालो, काका, रेषेलाही जाडी असते.
किती?
मी पट्टी लावली. चार फूट.
ते बराच वेळ माझ्या पेनाच्या टोकाकडे बघत राहिले.

मग उड्डाणपूल हवा म्हणणारे, मग आहे तो पाडा म्हणणारे.
आर्किटेक्ट झालेल्या ऋजुता काळभोरनं पडद्यावर
झाडांखाली बसलेली माणसं दाखवली,
सगळी उंच, सगळ्यांच्या हातात कॉफी.
मागून कुणी विचारलं, ह्यातले आपण कोणते?
हशा झाला. तीही हसली,
आणि मग वही काढून लिहून घ्यायला लागली.
सुदामअप्पा हरपळे पार्किंगवर पाऊण तास बोलले.
एफएसआय हा शब्द अडतीस वेळा आला.
मुतारी एकदाच,
तीही एका बाईनं शेजारणीच्या कानात म्हटलेली.

जेवणानंतर शेवंताबाई घुले,
भाजी निवडता निवडता उठून आलेल्या.
म्हणाल्या, माझी काही हरकत नाही.
मग सूचना?
मी कुणाला सूचना देऊ बाबा, मला विचारायचंय.
मांजरीची गाडी मला ह्या अंगाला उतरवते,
बसायची जागा त्या अंगाला.
तुमच्या कागदावर मी कुठून जाते?

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी नकाशाकडे.
दुभाजक सलग होता, सुबक, माझ्याच हातचा.
त्या थांबल्या नाहीत.
पहाटेपासून मेथी खुडलेला अंगठा त्यांनी टेकवला
आणि ओढला, पिवळ्यातून, लालवरून,
दुभाजकावरून, पार निळ्यापर्यंत.
अशी जाते. बत्तीस वर्षं.

हिरवा पट्टा उठला.

खोडरबरानं गेला नाही. ब्लेडनं खरवडला
तर कागदच उसवायला लागला.
साहेब म्हणाले, राहू दे, स्कॅनला दिसणार नाही.
दिसला.
चौदा प्रती निघाल्या, चौदांवर दिसला,
आणि परवा वरच्या ऑफिसातून फोन आला:
गाडीतळाला हमरस्त्यावर आडवी बाग दाखवली आहे,
क्षेत्रफळ कळवा.

त्या संध्याकाळी मी त्यांच्याबरोबर रस्ता ओलांडला होता,
घड्याळ लावून. डोक्यावर टोपली,
पुढे केलेला उघडा पंजा.
एक डंपर थांबला. दोन बस थांबल्या नाहीत.
दुभाजकाच्या कट्ट्यावर आम्ही जोडीनं उभे,
दोन्हीकडून वारा, दोन्हीकडून हॉर्न,
तिथं त्यांनी विचारलं,
तुझं घर कुठल्या रंगात येतं रे?
मी खोटं सांगितलं.
अडीच मिनिटं लागली, उतरताना धरलेला माझा हात धरून.

वहीत त्यांचं नाव दोन रकान्यांच्या
मधल्या रेषेवर लिहिलंय.
क्षेत्रफळ अजून कळवलेलं नाही.
पट्टी घेऊन बसलोय, दुसरा चहा गार झाला.
अंगठ्याची कड कुठंच सरळ नाही.