शेपूट

नवतपा. सेहेचाळीस अंश.
कूलरची वाळ्याची ताटी बदलताना
पाल निसटली, शेपूट माझ्या हातात ठेवून.

तीस वर्षं असलीच शेपटं मागत हिंडले :
अंदमान, बोर्निओ, पेंचचा एक बिननावाचा ओढा.
उणे ऐंशीच्या फ्रीजरात असतील अजून.
लाइन गेली की भोजराज तुमडाम
जनरेटरपाशी रात्र काढायचा, म्हणायचा,
"मॅडम, लेकरं वितळून जातीन ना तुमची."

मागच्या महिन्यात किल्ल्या देऊन आले.

तळहातावर अजून वळवळतंय.
बोटं आपसूक कुपी शोधतात,
मिळते होमिओपॅथीची, रिकामी.
वरून सॅनिटायझर, बुडेल एवढं.
चिठ्ठीवर तारीख.
ठिकाण : धरमपेठ, मागची खिडकी.
जातीपुढं, सवयीनं नव्हे,
खरंच,
प्रश्नचिन्ह.

ताटीमागं ती चुकचुकते.