चार बोटं जागा

कोठुळ्यांच्या दुकानात, काउंटरच्या तेलकट काचेवर
मी रुमालाची गाठ सोडली:
ट्यूब, दोन लिव्हर,
पंक्चरच्या पट्ट्या, सोल्यूशन अर्धं वाळलेलं,
ॲलन कींचा जुडगा, पाना, पक्कड,
शिट्टी, सुतळी,
आणि एक अडकित्ता,
तो का घेतला होता ते मलाच सांगता येईना.

कोठुळे हसले नाहीत.
"ताई, सीट किती खाली ठेवता?"
"देवानं ठेवली तेवढी."
पाच फुटाला एक इंच कमी.
ते वाकले, सीट आणि चाकाच्या मध्ये
आडवा हात घालून पाहिला.
चार बोटं. अंगठा बाहेरच राहिला.

भिंतीवर ओळीनं टांगलेल्या पिशव्या
सगळ्या सहा फुटी माणसांच्या.

माझी जुनी कलिंगडाएवढी होती.
त्र्यंबक रोडच्या खड्ड्यांत चाकाला घासायची,
उतारावर आतलं सामान असं वाजायचं
की बैलगाडीवाले मागं वळून बघत.
आणि महिरावणीपाशी सराटा घुसला.
द्राक्षबागेच्या बांधावरचा,
कसाही पडो, एक टोक आभाळाकडेच.
मी रस्त्याकडेला बसून पिशवी उघडली.
सगळं होतं.
ट्यूबही होती, जाड व्हॉल्व्हची.
माझ्या रिमचं भोक बारीक.

ट्रॅक्टरचं चाक बाजूला लोटून
लहानू खांडबहालेंनी माझं चाक मांडीवर घेतलं,
बाळाचं न्हाणं चालावं तसं
घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब फिरवली, बुडबुडा पकडला.
तीस रुपये घेतले.
मग पिशवीत डोकावून म्हणाले,
"संसार बांधून निघालात बाई,
मीठ तेवढं विसरलात."

ते वाक्य चढावर आठ किलोमीटर
माझ्या मागे बसून आलं.

आता कोठुळे एकेक वस्तू उचलतात,
उजवीकडे ठेवतात, नाहीतर डावीकडे.
पक्कड डावीकडे. "हिनं काय काढणार? दाढ?"
पाना डावीकडे, तुमच्या सायकलला त्याचा नटच नाही.
अडकित्त्याला त्यांनी हातही लावला नाही.
शिट्टीपाशी थांबले.
मी म्हटलं, पहाटे साडेचारला निघते,
सोमेश्वरच्या पुढे कुत्री.
"मग ती पिशवीत कशाला?
कुत्रं काय चेन उघडेपर्यंत थांबणारे?
गळ्यात घाला."

खालच्या खणातून एक पिशवी काढली,
काळी, मुठीहून थोडी मोठी,
कुणी परत केलेली असावी, टॅग नव्हता.
वेल्क्रो नको, चड्ड्या कुरतडतो.
पट्टा हवा, बक्कल हवं,
पावसात चेन गंजते, तिला मेण चोळा.
नवी ट्यूब, बारीक तोंडाची,
पावडर लावून, हवा दाबून घडी,
लिव्हर तिच्या कुशीत,
पट्ट्या, नवं सोल्यूशन, जुडग्यातल्या तीनच कळा.
पंप बाहेर, दांड्याला.
"आत काही हलता कामा नये.
रिकामी जागा वाजते."

शेवटी माझ्याच पर्समधून दहाची नोट मागितली,
चार घड्या घालून आत सरकवली.
टायर फाटला तर आतून अस्तर.
नाही फाटला तर गिरणाऱ्याला चहा.

चारशे ऐंशी रुपये झाले.
घरी येऊन डावीकडचं सगळं
ओट्याखालच्या डब्यात टाकलं.
अडकित्ता मात्र बराच वेळ हातात धरून बसले,
आणि तेव्हा आठवलं:
केबलचं टोक कापायला घेतला होता.
एकदा. चार वर्षांपूर्वी.
कापलंही नव्हतं त्यानं.

आज पहाटे गंगापूर रोडला
माझाच श्वास ऐकू येतोय, आणि फ्रीव्हीलची टिकटिक.
धरणाकडून गार वारा.
मागे काही वाजत नाही,
म्हणून दर दोन किलोमीटरला
एक हात सोडून
सीटखाली चाचपते,
आहे ना.