राउटरवरच्या बिया

सोहारमध्ये तीन दिवस पाऊस.
वादी भरलीय, शाळा बंद,
पुलाखाली कुणाची तरी पिकअप
आरशांपर्यंत पाण्यात.

मी लबनेच्या डब्यांना
तापल्या सुईनं भोकं पाडते.
दोडका, भेंडी, वाळूक –
फेब्रुवारीत अंग धरलं नाही
तर मे त्यांना उभंही करणार नाही दारात.

बिया कुमुदवन्संच्या.
औषधाच्या रिकाम्या पाकिटात,
वर पेनानं: ‘दोडका.
कडू निघाला तर मला सांगू नकोस.’

ऊन नाहीच.
म्हणून ओल्या फडक्यात बांधून
ठेवल्या राउटरवर,
घरात तेवढंच काहीतरी
रात्रंदिवस कोमट.
आईशी बोलताना आता चित्र अडकतं,
तिचं तोंड अर्धं उघडं राहतं
आणि मी पुरचुंडी बोटभर सरकवते.

खालचा मोताहार गच्चीचं पाणी झाडूनं लोटतो.
वर्षभर मागायचा, म्हणतो,
आणि आला की प्लॅस्टिक शोधत फिरायचं.

चौथ्या दिवशी भेंडीवर पांढरी बुरशी.
वास घेतला, टाकून दिली.
वाळूक गप्प.
दोडक्याची एकच बी डब्यात आली वर,
पाठ वाकवून,
काळं टरफल डोक्यावर तसंच,
रेनकोट काढायचा विसरलेल्या पोरासारखी.

हात शिवशिवतो.
मागे एकदा असंच सोडवायला गेले होते,
पानंही आली टरफलाबरोबर.

पहाटे शिफ्टवरून अविनाश येतो,
चिखलाचे बूट दाराबाहेर,
ओले मोजे हातात.
विचारतो, नेट का गेलंय?