उलटा मासा

जवसाच्या तेलात बुडवून काढलेला तुझा डगला
आठ दिवस परसात वाळतोय,
बाह्या पसरून, बिनमुंडक्याचा.
कोंबड्या त्याच्या सावलीत बसतात.
काल तिन्हीसांजेला मी त्यालाच विचारलं,
आल्बानो, सरपण आत घेतलंस का?

ईल्यावूतल्या सगळ्या परसांत असेच डगले.
खाडीवरून वारा सुटला की अख्खी गल्ली
हातवारे करून भांडते,
आणि माणसं घराघरांत गप्प,
पेटीची कडी ठोकत, खिळे शोधत.

तुला लिहिता येत नाही, मला येतं जेमतेम.
म्हणून रात्री कंदिलापाशी खुणा ठरवल्या.
फुली म्हणजे बरा आहे.
मासा म्हणजे बोटीचं पोट भरतंय.
उलटा मासा म्हणजे नुसतंच मीठ.
एक उभी रेघ, दाढ दुखते.
दोन रेघा कशासाठी ते तू सांगेनास.
मग म्हणालास, सेवेरीनुसाठी.
पलीकडच्या दारचा, सतराचा, यंदा पहिल्यांदाच निघालेला.
त्याच्या आईला कुणीतरी सांगायला हवं,
तसं काही झालंच तर.

मी विचारलं, भीती वाटली तर काय काढशील?
हसलास.
धुक्यात एकेकट्या होडीत
पेन्सिल घेऊन कोण बसतं, डेओलिंडा?
होडीत नाही रे, रात्री, बोटीवर परतल्यावर.
तू वही मिटलीस.
तेल महाग झालंय म्हणालास, आणि कंदील फुंकलास.

अंधारात मी बोटं मोजली.
एप्रिल ते ऑक्टोबर.
बटाटे काढायचे एकदा, जाळी विणायची तीन,
छपराची कौलं, सासूबाईंचं वर्षश्राद्ध,
आणि हे पोटातलं.
हे अजून तुला सांगितलेलं नाही.
सासूबाई म्हणायच्या, जाणाऱ्याच्या पेटीत
जड काही ठेवू नये;
घराकडे मन झुकलेला माणूस
होडीतही त्याच बाजूला झुकतो.
त्यांचा थोरला तसाच झुकला होता.

सकाळी धक्क्यावर डांबराचा वास, बायकांची गर्दी.
पाद्री घाईत होता, त्याला पुढच्या बोटीवर जायचं होतं.
सेवेरीनुची आई त्याच्या टोपीचं बटण
तिथंच उभ्या उभ्या शिवत होती,
दाताने दोरा तोडायला तिला फार वेळ लागला.

तू माझा हात हातात घेतलास
आणि तळव्यावर अंगठ्याने काहीतरी ओढलंस.
फुली नव्हती. मासाही नव्हता.
वहीत नसलेली एखादी खूण होती,
की हाताला चिकटलेली कणीक पुसलीस, कोण जाणे.
विचारेपर्यंत तू शिडीवर होतास.
तिथून ओरडलास,
कोंबड्यांचं दार नीट लाव, कडी सैल आहे.

तीन शिडं बांधाआड गेली.
टोकाची डोलकाठी मिठाच्या ढिगांवरून
बराच वेळ चालत राहिली, बोटीशिवाय.

जूनमध्ये इस्पितळाची बोट पत्रं घेऊन जाईल.
मी एक मोठा मासा काढणार आहे,
आणि त्याच्या पोटात एक छोटा, उलटा.
तू कपाळाला आठ्या घालशील.
म्हणशील, भरलंय की रिकामं, हिला धड कळतं का काही.
कागद शेजारच्या बाकड्यावर दाखवशील,
आणि कुणीतरी पाच पोरांचा बाप
तुझ्याकडे बघून जोरात हसेल.

तेव्हा होडीत नसू दे तू.
एवढंच. बोटीवर असू दे,
दोन्ही पाय फळीवर.